पाय दुखत नाहीत, शिवशिवतात: रेस्टलेस लेग्जमध्ये मी केलेल्या या चुका टाळा

रात्री साडेअकराच्या सुमाराला शेजारचा माग थांबतो. आमच्या बेळगावच्या वडगावात त्या खटखटीचं काही वाटत नाही, ती थांबली की उलट झोप लागते. चाळिशी ओलांडल्यावर मात्र माग थांबला की माझे पाय सुरू व्हायला लागले. पोटरीच्या आत, अगदी हाडाला लागून काहीतरी वळवळायचं. खाजवावं तर कातडीवर काही नाही, दाबावं तर हाताला काही लागत नाही. पाय झटकला की दोन मिनिटं बरं, की पुन्हा तेच. शेवटी उठायचं आणि स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर अनवाणी येरझाऱ्या घालायच्या. चालताना काही म्हणता काही होत नसे. अंथरुणावर पडलं की पुन्हा सुरू.

सासूबाई एकदा पाण्याला उठल्या आणि मला बघून दचकल्याच. "काय करालीस गं एवढ्या रात्री?" यावर काय सांगणार? या त्रासाला धड शब्दच नाही. आणि माझी पहिली चूक इथूनच सुरू झाली.

"दुखतंय" म्हणून सांगितलं

डॉक्टर कन्नड बोलणारे, माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. मी "कालु नोवु" म्हणाले, म्हणजे पाय दुखतात. एवढंच येत होतं. त्यांनी दुखण्याचं औषध दिलं, जोडीला कॅल्शियम. यात त्यांचा काय दोष? मी जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. पुढे दोन वर्षं मी दवाखाने बदलले, शब्द तोच ठेवला. मराठी डॉक्टरांकडे गेले तरी "पाय दुखतात"च म्हणाले, कारण "पायात काहीतरी वळवळतंय" म्हणायला लाज वाटायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईच्या डोक्यात काहीतरी आहे.

हा आजार, म्हणजे रेस्टलेस लेग्ज, पायांना चैन न पडणं, रक्ताच्या एखाद्या रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' येत नाही, एक्स-रेत दिसत नाही. तुम्ही काय सांगता त्यावरच तो ओळखला जातो. म्हणून चार गोष्टी सांगायच्याच. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. बसल्यावर, पडल्यावर ते वाढतं. उठून चाललं की लगेच कमी होतं. आणि संध्याकाळनंतर, रात्री जास्त असतं, सकाळी जवळजवळ नसतं. या चार गोष्टी जुळल्या आणि दुसरं कुठलं कारण नसेल, तर डॉक्टर रेस्टलेस लेग्जचा विचार करतात. कन्नडमध्ये सांगायची वेळ आली तर माझ्यासारखं मोडकं चालेल: "नोवु इल्ल. कुंतरे जास्ति, नडेदरे आराम. रात्रि जास्ति." दुखत नाही, बसलं की जास्त, चाललं की आराम, रात्री जास्त. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंना मी एवढंच सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का?"

होतं ना. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. आई रात्री पडवीत फिरायची. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पाय धरून उभी राहायची, नाहीतर जुन्या लुगड्याचा पट्टा करून पोटऱ्या करकचून बांधायची. कुणी घोट्याला काळा दोरा बांधून दिला होता, तोही होता. हा त्रास घराण्यात चालतो, निम्म्याहून जास्त रोग्यांच्या घरात आणखी कुणीतरी असतंच. आणि हे काही आजकालचं, मोबाईलनं आणलेलंही नाही. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1672 मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय, आणि स्वीडनच्या एकबॉम यांनी 1945 मध्ये त्याला रेस्टलेस लेग्ज हे नाव दिलं.

गल्लत होते ती आणखी तीन गोष्टींशी. वांब येतो तेव्हा पोटरीत दगडासारखा गोळा होतो आणि खरोखर दुखतं. मधुमेहात तळव्यांची आग होते, बधिरपणा येतो, तो दिवसाही असतो आणि चालून फारसा जात नाही. शिरा फुगल्या असतील तर दिवसभर उभं राहून पाय जड होतात आणि बसल्यावर, पाय वर घेतल्यावर बरं वाटतं, म्हणजे आमच्या बरोबर उलट. मागावर उभं राहणाऱ्यांत हे शिरांचं भरपूर दिसतं, त्यामुळे वडगाव-शहापूरकडे ही गल्लत हमखास.

दुखण्याच्या गोळ्या खात राहिले

त्यांनी काही झालं नाही एवढंच असतं तरी चाललं असतं. पण अशा गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या की पोटाच्या अस्तरातून थेंबथेंब रक्त जाऊ शकतं. रक्त गेलं की लोह जातं. आणि लोह कमी होणं हे तर या आजाराचं सगळ्यात मोठं, दुरुस्त करता येण्यासारखं कारण. माझी पाळी त्या काळात दहा-दहा दिवस चालायची, त्यात या गोळ्या. पाय बरे करायला जे खात होते त्यानंच कदाचित पाय वाढवत होते.

हिमोग्लोबिन बघून निश्चिंत झाले

या एका चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं एक वर्ष यात गेलं.

हिमोग्लोबिन 12.1 आलं. "रक्त चांगलं आहे," सगळे म्हणाले. पण हिमोग्लोबिन म्हणजे रोज डब्यातून काढायचं पीठ. कोठीत, म्हणजे अंगातल्या साठ्यात, किती लोह उरलंय ते फेरिटिन नावाची रक्ताची तपासणी सांगते. कोठी तळाला गेली तरी डबा बरेच दिवस भरलेला दिसतो. माझं फेरिटिन 18 आलं. रिपोर्टवर बाईमाणसासाठी छापलेली खालची मर्यादा त्याहून कमी होती, त्यामुळे त्या आकड्याखाली ना रेघ, ना खूण. लॅबच्या हिशेबानं मी नॉर्मल.

रेस्टलेस लेग्जचा हिशेब वेगळा आहे. यात मोठ्या माणसाचं फेरिटिन 75 किंवा त्याखाली असेल, नाहीतर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार करतात. कारण या आजारात अडचण मेंदूतल्या लोहाची असते. डोपामिन नावाचं रसायन बनवायला मेंदूला लोह लागतं, आणि रक्तात बरं दिसलं तरी मेंदूपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. म्हणून "नॉर्मल आहे" ऐकून उठू नका, आकडा विचारा.

तपासणीतही माझं एकदा चुकलं. तापातून उठल्या-उठल्या रक्त दिलं. अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन खोटं वर जातं. बरं झाल्यावर, सकाळी उपाशीपोटी, आणि लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशीची गोळी सोडून रक्त द्यावं.

मग गोळी सुरू झाली आणि ती मी रोज चारच्या चहाबरोबर घ्यायचे! चहातला तुरटपणा लोह बांधून ठेवतो, दुधातलं कॅल्शियमही अडवतं. तीन महिन्यांत फेरिटिन 18 वरून 21. डॉक्टरीणबाईंनी विचारलं कशाबरोबर घेता, मी सांगितलं, आणि त्या नुसत्या हसल्या. मग ठरलं ते असं: सकाळी उपाशीपोटी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर निदान तासाभराने, कॅल्शियमची गोळी थेट रात्री. आणि रोज नाही, एक दिवसाआड. रोज लोह घेतलं की शरीर दुसऱ्या दिवशी दार लावून घेतं, शोषण कमी होतं, शिवाय पोटही बिघडतं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पुढच्या तीन महिन्यांत 46.

हुलग्याचं माडगं, नाचणी, मेथी, अळीव हे सगळं खावंच. पण भाजीपाल्यातलं लोह अंगाला कमी लागतं, रिकामी झालेली कोठी नुसत्या माडग्यानं भरायला फार वेळ जातो. पोटाला गोळी सोसत नसेल, किंवा घेऊनही आकडा हलत नसेल, तर शिरेतून लोह देतात. ते दवाखान्यातच.

उलटपक्षी, हे वाचून मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नका. काही आजारांत लोह आधीच अंगात साठलेलं असतं, तिथे जास्तीचं लोह यकृताला मारतं. आणि पुरुषाचं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर गोळी देऊन मोकळं होता येत नाही. मूळव्याध, अल्सर, आतडं, ते कुठून गळतंय हे शोधावंच लागतं.

उलटीची गोळी घेऊन रात्रीच्या बसमध्ये बसले

बहिणीकडे पुण्याला निघाले होते. गाडी लागते म्हणून नेहमीची उलटीची गोळी घेतली. निपाणी मागे पडेपर्यंत ठीक. कोल्हापूरच्या अलीकडेच पाय असे पेटले की पुढच्या सीटला लाथा बसायला लागल्या. पुढचे आजोबा दोनदा मागे वळून बघून गेले. शेवटी कराडपर्यंत मी ड्रायव्हरच्या केबिनच्या दाराशी दांडा धरून उभी. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बसा की, सीट हाय की तुमची." सीट होती, पण बसणार कशी?

गुन्हेगार ती गोळी होती. प्रवासाच्या उलटीवर मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत प्रोमेथाझिनसारखी गुंगी आणणारी औषधं असतात. सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर सर्दीची पट्टी घरात संपत नाही. ही औषधं आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड यांनी पाय उसळतात. गंमत अशी की झोप यावी म्हणून लोक मुद्दाम सर्दीची गोळी घेतात. डोळे जड होतात, पाय नाचतात. यापेक्षा वाईट रात्र नाही.

नैराश्यावरच्या, चिंतेवरच्या काही गोळ्यांनीही हे वाढतं. पण त्या आपल्या मनानं कधीच बंद करायच्या नाहीत. ज्यांनी लिहून दिल्या त्यांना सांगायचं, बदलता येतात का ते ते बघतील.

मिश्री, पेग, संध्याकाळचा चहा

यात लिहिण्यासारखं फार नाही, पाळणं तेवढं अवघड. सासूबाईंच्या नादानं मीही रात्री जेवल्यावर मिश्री लावायचे. तंबाखू तो तंबाखूच, पुडीत असो नाहीतर मिश्रीत. दारूनं डोळा लागतो, पण मध्यरात्री पाय उठवतात. चहा-कॉफी दुपारनंतर बंद करून पंधरा दिवस बघा. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, मला पडला.

जुनी गोळी वाढवत जाणं

चुलतसासऱ्यांना हाच त्रास. त्यांना काही वर्षांपूर्वी प्रॅमिपेक्सोल सुरू झालं आणि पहिले काही महिने ते अगदी देवाचं औषध. मग अर्ध्याची एक झाली, एकीच्या दोन. आधी रात्री दहाला सुरू होणारे पाय दुपारी चारला सुरू व्हायला लागले. मग हातही. ते म्हणायचे, आजार वाढला. खरं म्हणजे प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या जातीची औषधं बराच काळ घेतली की त्यांच्यामुळेच त्रास लवकर, जास्त आणि नव्या जागी होऊ लागतो. काहींना जुगाराचा, खरेदीचा न आवरणारा नादही लागतो, आणि घरच्यांना कारण कळतच नाही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या संस्थेनं नवी मार्गदर्शक सूचना काढली. त्यात ही औषधं नेहमीसाठी वापरू नका असं म्हटलंय, आणि लोह, गॅबापेंटिन, प्रेगॅबालिन यांना पुढे आणलंय. नव्या औषधांनीही गुंगी येते, म्हाताऱ्यांचा तोल जाऊ शकतो, किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. तेव्हा तीही डॉक्टरांच्याच हातून.

मात्र कुणी हे वाचून जुनी गोळी आज रात्री फेकून दिली, तर उद्याची रात्र भयंकर जाईल. ती हळूहळूच उतरवायची असते. चुलतसासऱ्यांना ती उतरवायला काही महिने लागले आणि मधले आठवडे त्यांनी अंगणात काढले.

बसायची कामं संध्याकाळी ठेवणं

पाय सकाळी शहाण्यासारखे असतात. हे कळायला मला फार वेळ लागला. आता पुण्याला जायचं तर सकाळची रेल्वे, कडेची सीट. दाताच्या डॉक्टरांची वेळ सकाळची. हरिनाम सप्ताहात कीर्तनाला सगळ्यात मागे, खांबाला टेकून, उठलं तरी कुणाच्या अंगावरून जावं लागणार नाही अशा जागी. मांडी घालून तीन तास बसणं मी सोडून दिलंय, विठोबाची त्याला हरकत नसावी.

रात्री पाय सुरू झाले की गरम पाण्यात पाय, नाहीतर चोळणं, पोटऱ्या ताणणं. कुणाला गारच बरं वाटतं, आईसारखं. दोन्ही करून बघावं. डोकं गुंतलं की पायही जरा विसरतात, मी शब्दकोडं घेऊन बसते. संध्याकाळी अर्धा तास चालणं चांगलं. पण झोपायच्या आधी दमेपर्यंत व्यायाम केला तर उलटं होतं, तेही करून झालंय.

गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास बऱ्याच जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. तेव्हा "असंच असतं" म्हणून सोडू नका, लोह तपासून घ्या. आणि शाळेतलं पोर संध्याकाळी अभ्यासाला बसताना सारखं पाय हलवत असेल, तर रागवायच्या आधी एकदा घरातल्या मोठ्यांचे पाय आठवा.

माझं फेरिटिन आता 80 च्या पुढे आहे. आठवड्यातून एखादी रात्र अजून फरशीवर जाते, पण एखादीच.

गेल्या महिन्यात खानापूरहून भावाचा फोन आला. "पायात आईसारखंच होतंय गं. मेडिकलमधनं गोळी आणलोय."

"दुखतंय का शिवशिवतंय?"

तो बराच वेळ गप्प. मागे पावसाचा आवाज येत होता.

"दुखत न्हाई म्हण की."

"मग ती गोळी ठेव बाजूला. आणि उद्या सकाळी चहा न घेता निघ."