मेंदूवरचा दाब वाढलेला पेशंट: आयसीयूत या चुका टाळा

दुचाकीवरून पडून आलेला पंचविशीतला मुलगा, आयसीयूतली त्याची दुसरी रात्र. संध्याकाळपासून बडबडत होता, सलाईन ओढत होता, आईला हाका मारत होता. मध्यरात्रीनंतर शांत झाला. मला तेव्हा नर्सच्या नोकरीत दोनच वर्षं झाली होती. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला मीच जाऊन सांगितलं, "काकू, झोपलाय आता छान. तुम्हीही जरा पडा." तीन वाजता टॉर्च मारला तर उजवी बाहुली डावीपेक्षा स्पष्ट मोठी दिसली, आणि उजेडाला आकसत नव्हती. रजिस्ट्रार, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, त्याच मजल्यावर होते म्हणून लगेच सीटी झाला, रक्ताची गाठ काढली, मुलगा वाचला. पण एक आणि दोन वाजताच्या रकान्यांत माझ्याच अक्षरात एकच शब्द होता: झोपलेला.

आजही नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. डोक्याला मार लागलेला दंगेखोर पेशंट अचानक शांत झाला तर हायसं वाटून घेऊ नका. त्याला पूर्ण जागं करा, हाक मारा, हात वर करायला लावा, मगच लिहा. झोपमोड होते म्हणून नातेवाईक नाराज होतील, होऊ देत.

हे इतकं कडक का, ते कवटीत काय चालतं ते कळलं की पटतं. कवटी हा बंद डबा. त्यात साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे सीएसएफ. मन्रो आणि केली या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी दोनशे वर्षांपूर्वीच हा हिशोब मांडला: एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. सूज किंवा गाठ वाढू लागली की आधी पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकतं, दाब जेमतेम वाढतो, पेशंट बरा दिसतो. ती सवलत संपली की पुढच्या चमचाभर वाढीने दाब झपकन चढतो. म्हणून "पाच मिनिटांपूर्वी तर ठीक होता" असं जे आपण घाबरून म्हणतो, ते बहुतेक वेळा खरंच असतं.

नुसती बेरीज लिहिणं

पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजणारं ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस) १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलं, तेव्हा डोळे, बोलणं आणि हालचाल हे तीन वेगळे कप्पे होते. आपण मात्र चार्टवर फक्त "जीसीएस १०" लिहून मोकळे होतो. डोळे ३, बोलणं २, हालचाल ५ हेही दहाच, आणि डोळे ४, बोलणं १, हालचाल ५ हेही दहाच. हालचाल सहावरून पाचवर आली आणि त्याच वेळी डोळे एकाने सुधारले, तर बेरीज तीच राहते आणि बिघाड झाकला जातो. तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा. तोंडात श्वासाची ट्यूब असेल तर बोलण्याच्या जागी "टी" लिहा. पापण्या सुजून डोळे मिटलेले असतील तर तशी नोंद करा, उगाच १ देऊ नका.

आपल्याकडची आणखी एक चूक भाषेची आहे. बांधकामावरून पडलेला बिहारचा मजूर, त्याला मराठीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर नीट आलं नाही की "गोंधळलेला" लिहायचं. किंवा शेतावरून आलेल्या आजींना इंग्रजी तारीख विचारायची. आजींना वार विचारा, गाव विचारा, सोबत कोण आलंय ते विचारा. मजुराशी हिंदीत बोला, तेही जमत नसेल तर त्याच्या सोबत्याला आत बोलवा.

वेदना देऊन बघायची तर खांद्याजवळचा स्नायू चिमटीत धरून दाबा. छातीच्या हाडावर बोटांची पेरं घासत बसू नका, सकाळी तिथे काळानिळा डाग उठलेला दिसतो. दोन्ही हात बघा. गुण चांगल्या हाताचे द्यायचे, पण दुसरा हात ढिला पडलाय हे शेजारी लिहायचंच.

बाहुलीचं माप मिलिमीटरमध्ये लिहा, "नॉर्मल" नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घातलंय का, हे पहिल्या दिवशीच घरच्यांना विचारून ठेवा.

वाढलेल्या बीपीवर आपल्याच मनाने औषध देणं

मेंदूला पोचणाऱ्या रक्ताचा जोर म्हणजे सरासरी बीपी वजा कवटीतला दाब. कवटीतला दाब मोठ्या माणसात साधारण ५ ते १५ मिलिमीटर (पाऱ्याचे, बीपीसारखेच) असतो, २२ च्या वर गेला की उपचार लागतात. हा जोर ६० ते ७० मध्ये राहावा अशी धडपड असते. आता बघा: सरासरी बीपी ८० आणि कवटीत २५, म्हणजे उरले ५५. त्यातून बीपी ६५ वर घसरलं तर उरतात ४०. मॉनिटरवर कवटीचा आकडा तोच, पेशंटचा मेंदू मात्र उपाशी. म्हणून एका डोळ्याने बीपी बघायचंच.

याची उलट बाजू जास्त फसवी आहे. बीपी १८०/७०, नाडी ४८, श्वास कधी खोल कधी उथळ, असं दिसलं तर शरीर शेवटच्या ताकदीने मेंदूकडे रक्त ढकलतंय. यालाच कुशिंगची त्रयी म्हणतात, आणि ती उशिराची खूण आहे. इथे "बीपी वाढलंय" म्हणून उरलेला प्रेशरचा डोस देणारे हात मी थांबवलेले आहेत. आधी फोन करा, आणि फोनवर तिन्ही गोष्टी एका दमात सांगा.

उशी, दोरी आणि सहा वाजताची घाई

डोकं ३० अंश वर, मान सरळ, नाक छातीच्या रेषेत. एवढं साधं, आणि दर ड्यूटीला हेच बिघडलेलं सापडतं. मऊ मोठी उशी दिली की हनुवटी छातीला टेकते. व्हेंटिलेटर उजवीकडे म्हणून मान उजवीकडे वळलेली असते. ट्यूब बांधायची दोरी किंवा मानेचा पट्टा घट्ट बसलेला असतो. प्रत्येक वेळी मानेतल्या शिरा दाबल्या जातात आणि डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. दोरीखाली बोट सहज गेलं पाहिजे. पेशंट घसरू नये म्हणून गुडघे पोटाकडे दुमडून ठेवणंही वाईट, पोटातला दाब वर चढतो. मणक्याला इजा नाही हे नक्की झालं नसेल तर कंबरेतून उठवू नका, सगळा पलंगच तिरका करा. बीपी पडलेलं असेल तर डोकं किती वर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

हँडओव्हरच्या आधी सकाळी सहाला आपण काय करतो? स्पंज, चादर, तोंडाची सफाई, सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), कूस बदलणं, सगळं एका दमात. प्रत्येक कामाने दाब थोडा चढतो आणि खाली यायच्या आत पुढचं काम सुरू होतं. मॉनिटर लावलेला असेल तर एकदा उभं राहून बघा: सक्शनला आकडा चढतो, हात काढले की हळूहळू उतरतो. तो उतरेपर्यंत थांबायचं. मावशींना आणि मामांनाही हे समजावून सांगा, त्या पलंगाला दिवसातून कितीतरी वेळा त्यांचाच हात लागतो.

सक्शन घड्याळ बघून करू नका, गरज असेल तेव्हाच करा. आधी १०० टक्के ऑक्सिजन, एका वेळी दहा सेकंद, फार तर दोनदा. हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग लावली तर घाईघाईने दाबत सुटू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आधीच तहानलेल्या भागाचं रक्त तुटतं.

ईव्हीडी: पलंग हलला, नळी विसरली

ईव्हीडी म्हणजे मेंदूतलं सीएसएफ बाहेर काढायला कवटीतून घातलेली ड्रेनची नळी. माझ्या मते सगळ्यात जास्त जीव धरून सांभाळायची गोष्ट ही. ड्रेनचं शून्य कानाच्या छिद्राच्या पातळीवर असतं. स्पंजसाठी पलंग वर केला आणि ड्रेनचा चेंबर स्टँडवर जिथल्या तिथे राहिला, तर पेशंटच्या मानाने तो खाली गेला. पाणी भराभर वाहतं, मेंदू आत ओढला जातो, रक्तस्राव होऊ शकतो. पलंग खाली केला तर उलटं: पाणी थांबतं आणि दाब साचत जातो. दोन्ही वेळा पेशंटने काहीच केलेलं नसतं.

म्हणून हलवण्याआधी क्लॅम्प, हलवून झाल्यावर पातळी पुन्हा लेव्हल धरून मोजायची, मग क्लॅम्प उघडायचा. सीटीहून परत आल्यावर क्लॅम्प तसाच बंद राहिला, असं एकापेक्षा जास्त ठिकाणी घडलेलं मला माहीत आहे. दर तासाला किती मिली आलं आणि रंग कसा आहे ते लिहा. शरीर तासाला साधारण २० मिली सीएसएफ तयार करतं, त्यापेक्षा बरंच जास्त आलं किंवा एकदम थेंबही आला नाही, तर आधी पातळी, क्लॅम्प आणि नळीचा पीळ बघा, मग कळवा. सिरिंज लावून स्वतः फ्लश मात्र करू नका.

मेंदूवरचा दाब उतरवणाऱ्या मॅनिटॉलची बाटली लावण्याआधी उजेडासमोर धरा. थंडीत तळाशी साखरेसारखे खडे दिसतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते विरघळवा, अंगाइतकी कोमट होऊ द्या आणि फिल्टर असलेला सेट लावा. २० टक्क्यांच्या १०० मिलीत २० ग्रॅम औषध असतं, डोस वजनावर ठरतो. ते सांगितलेल्या १५ ते ३० मिनिटांत गेलं पाहिजे, दोन तास थेंबथेंब सोडलं तर उपयोग होत नाही. लघवी धो धो होते, मागोमाग बीपी पडू शकतं, म्हणून कॅथेटर आणि तासाची मोजणी हवीच. आणि शीर चालू ठेवायला म्हणून ५ टक्के डेक्स्ट्रोज लावू नका. त्यातली साखर वापरली गेली की उरतं नुसतं पाणी, ते मेंदूची सूज वाढवतं. फिट थांबवणारं फेनिटॉइनही नॉर्मल सलाईनमध्येच द्यायचं, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण धरतात.

पेशंट अस्वस्थ झाला की लगेच झोपेचं इंजेक्शन मागू नका. आधी ऑक्सिजन बघा, मग पोटावर हात ठेवा. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली आणि मूत्राशय टम्म फुगलेलं, हे मी किती वेळा पाहिलंय. ताप, दुखणं, बद्धकोष्ठता हेही बघा. ताप उतरवताना हुडहुडी भरू देऊ नका.

नाकातून किंवा कानातून पातळ पाणी येत असेल, डोळ्यांभोवती काळं पडलं असेल, तर कवटीचा तळ तुटलेला असू शकतो. नाकात बोळा कोंबू नका, नाकातून सक्शन नको, पोटात जाणारी रायल्स ट्यूबही नाकातून नको. ट्यूब लागलीच तर तोंडातून घालण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

ड्यूटी बदलताना हँडओव्हर टेबलाशी बसून देऊ नका. जाणारी आणि येणारी, दोघींनी पलंगाशी उभं राहून एकत्र हाक मारा, एकत्र बाहुल्या बघा. तुमचा ३ आणि तिचा ३ सारखाच आहे का, ते तिथेच कळतं. ड्रेनची पातळी आणि क्लॅम्पही तेव्हाच दोघींनी बघून घ्या. टॉर्चचे सेल मात्र ड्यूटीवर आल्या आल्याच तपासा, पहाटे तीनला नाही.