पदवीनंतरचं पहिलं वर्ष: या चुका टाळा

शेवटचा पेपर झाला की दोन सल्ले हमखास मिळतात: नवनवे अनुभव घे आणि जशी आहेस तशीच राहा. सल्ले दोन्ही चांगले, पण एकत्र पाळायला गेलं की अडतं. नवा अनुभव माणसाला थोडाफार बदलतोच, मग 'तशीच' कसं राहायचं? बहुतेक चुका याच पेचातून होतात.

'माझा स्वभावच असा आहे' म्हणून मोकळं होणं

'मला चारचौघांत बोलता येत नाही', 'हिशेब हा आपला प्रांत नाही'. विशीत हे निकाल फार ठामपणे दिले जातात, आणि पुरावा काय, तर वर्गात एकदा फसलेलं सादरीकरण. यावर उपाय साधा आहे. 'जमत नाही' असं म्हणाल, तेव्हा स्वतःला विचारा: शेवटचं कधी करून पाहिलं होतं? उत्तर 'शाळेत असताना' असेल, तर तो निकाल रद्द समजा. बरेचदा करून पाहिलं आणि तरीही मन रमलं नाही, तर मात्र ती आवड-निवड तुमची खरी. ती कुणाच्या आग्रहाखातर सोडू नका.

सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं धरून चालणं

नवं काही करताना पाय मागे ओढणारी भीती बहुधा हीच. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली यावर एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं विचारल्यावर त्याचा अंदाज सुमारे निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात टी-शर्टवर कोण आहे हे सांगता आलं जेमतेम पाव जणांना. म्हणजे फजिती झाली तरी तिचे साक्षीदार आपल्याला वाटतात त्याच्या निम्मेच, आणि त्यांनाही स्वतःच्या काळज्या असतातच. तेव्हा पहिल्या बैठकीत तो 'बावळट' प्रश्न विचारून टाका. सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारणं जास्त अवघड जातं.

फक्त जुन्या ग्रुपमध्येच राहणं

कॉलेजची दोस्ती जपायलाच हवी, पण जग तेवढंच ठेवू नका. नोकरीच्या ज्या जाहिराती तुम्ही पाहिल्या, त्याच मित्रांनीही पाहिलेल्या असतात. मतंही बरीचशी सारखीच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या 1973 च्या लेखात याचा पडताळा मिळतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती, असे सहांत एकच होते. बाकीच्यांना खबर मिळाली ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. नोकरीचं सोडा, आपल्यात आणखी काय आहे हेही अशा लोकांत जास्त कळतं, कारण 'तू तर असं कधी करत नाहीस' म्हणणारं तिथे कोणी नसतं.

दिसेल त्याला 'हो' म्हणणं

ही वरच्या चुकांची दुसरी बाजू. भाषेचा क्लास, ट्रेकिंग, स्वयंसेवा, जोडीला एखादा ऑनलाइन कोर्स. महिनाभरात सगळंच अर्धवट. एका वेळी एकच घ्या, आणि पुढे चालू ठेवायचं की सोडायचं हे कधी ठरवणार, ती तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवा.

आणि 'मी स्पष्टवक्ता आहे' म्हणत फटकळपणा करू नका. लोक दुखावतात, आणि मनासारखं वागण्याशी त्याचा काहीएक संबंध नाही.

तरीही नव्या ठिकाणी रुळत नसाल तर?

महिनाभर रोज रात्री दोन रकाने भरा. पहिल्यात आज काय अनोळखी वाटलं ते: माणसं, कामाची पद्धत, बोलण्याची ढब. दुसऱ्यात आज काय लपवावं लागलं किंवा मनाविरुद्ध करावं लागलं ते. पहिला रकाना बहुतेकदा आपोआप रोडावत जातो, त्यासाठी घाईने काही सोडायचं कारण नाही. दुसऱ्यात तीच नोंद पुन्हा पुन्हा येत असेल, तर तेवढ्या एका गोष्टीबद्दल आधी वरिष्ठांशी बोला. फरक पडला नाही, तर दुसरी जागा शोधायला लागा. आणि शक्य असेल, तर ती हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.