फ्लोरिडात गळ टाकण्याआधी परवान्याचं पाहा
फ्लोरिडात समुद्राचं आणि गोड्या पाण्याचं मासेमारी लायसन्स वेगळं. बाहेरच्या राज्यातल्यांना प्रत्येकी ३ दिवसांचं १७ डॉलर, ७ दिवसांचं ३०, वर्षाचं ४७. ऑनलाइन घेतल्यास हाताळणी शुल्क वर. म्हणजे पाच दिवसांच्या सहलीला सरळ ७ दिवसांचंच घ्यावं. १६ वर्षांखालच्यांना लागत नाही.

फसगत होते ती किनाऱ्यावर. तिथून मासे धरायचं मोफत लायसन्स फक्त स्थानिक रहिवाशांना मिळतं, पाहुण्यांना नाही. मासा पकडून लगेच सोडला तरी लायसन्स हवंच. मात्र परवानाधारक चार्टर बोटीवर (पैसे घेऊन समुद्रात मासेमारीला नेणारी बोट) किंवा परवाना असलेल्या पिअरवर (समुद्रात आत गेलेला धक्का) वेगळं काढावं लागत नाही; एकाच दिवसाची हौस असेल तर हाच मार्ग उत्तम. स्नूक जातीचा मासा पकडून ठेवायचा असल्यास १० डॉलरचं जादा परमिट लागतं, तेही हंगाम चालू असेल तरच उपयोगाचं.