गणपतीला गावी निघताना लघवीच्या बाबतीत या चुका टाळा

गणपतीला गावी जायचं ठरलं की घरातल्या बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करतात, गाडीत तर घोटभर पण नाही, कारण मुंबई-गोवा हायवेला ट्राफिक लागला की उतरायचं कुठे. खरी चूक हीच. पाणी नाही प्यायलं म्हणून किडनी थांबत नाही, लघवी बनतच राहते, फक्त कमी आणि घट्ट, त्यात आपली दमट हवा, घामाने अजून पाणी जातं. लघवीच्या पिशवीतले जंतू धुवून निघत नाहीत आणि बायकांची मूत्रनलिका, म्हणजे लघवी बाहेर येते ती नळी, जेमतेम ४ सेंमी, जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही, मग गावी पोचतो न पोचतो तोच उन्हाळी लागते.

पिशवी साधारण १५०-२०० मिली भरली की पहिली जाणीव होते, ४००-५०० ला मात्र बसवत नाही. खाली दोन झडपा, आतली आपोआप चालते, बाहेरची आपल्या हातात, आपण दाबतो म्हणजे तीच आवळून धरतो. मेंदूने हो म्हटलं की दोन्ही सैल पडतात आणि पिशवी स्वतःच आवळते, म्हणून कुंथायची गरजच नाही. एसटी स्टँडच्या घाण कमोडवर अधांतरी राहून घाईघाईत उरकलं तर खालचे स्नायू ताठच राहतात आणि थोडी लघवी आत उरते, त्यापेक्षा देशी संडास असेल तर तिथे नीट बसा. निघण्याआधी जाऊन येणं ठीक, पण घरी असताना दर अर्ध्या तासाला उगाच जाऊ नका, पिशवीला थोड्यावरच सिग्नल द्यायची सवय लागते.

प्रवासात थोडं थोडं पाणी प्या आणि तीनेक तासांनी गाडी थांबवायला सांगा, लाजू नका हो, ड्रायव्हरला पण जायचंच असतं. कोकम सरबत, धण्याचं पाणी खुशाल घ्या, पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा लघवीतून रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि घरातल्या आजोबांकडे लक्ष ठेवा. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची पिशवीखालची ग्रंथी, वाढलेलं असताना मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी घेतली तर लघवी अडकू शकते. ओटीपोट फुगलंय, कळा येतायत आणि थेंब पडत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा, नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते.