घसा धरला की मध, पण या चुका टाळा

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात तानसेन समारोहाचे वेध लागतात आणि त्याच सुमारास घराघरांत खोकलाही शिरतो. इथल्या लश्कर भागात माझ्या घरी संध्याकाळी मुलं गाणं शिकायला येतात. थंडीच्या दोन महिन्यांत त्यांतली निम्मी मफलर गुंडाळून, खवखवत्या घशानं सा लावतात. ‘मध घेतलास का?’ असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर ‘हो’च असतं. मग कधी, किती आणि कशात घेतला हे विचारते, आणि तिथे घोटाळा सापडतो.

मधावर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. 2012 साली इस्रायलमध्ये 1 ते 5 वर्षांच्या सुमारे 300 मुलांवर एक अभ्यास झाला. काही मुलांना झोपण्याआधी अर्धा तास 10 ग्रॅम मध दिला, काहींना तसंच गोड खजुराचं सिरप. मध घेतलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला जास्त कमी झाला आणि त्यांना झोपही बरी लागली. एवढा गुण मधात नक्की आहे. सर्दीचा विषाणू मात्र मधानं मरत नाही. सर्दी तिच्या वेळेनंच जाते, मध तोवरचा त्रास हलका करतो.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं

ही चूक सगळ्यात मोठी. आपल्याकडे बाळ जन्मलं की सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात, बाळगुटी मधात उगाळतात, सर्दी झाली तर तुळशीच्या रसात मधाचं बोट देतात. माझ्या मुलीला बारशाच्या दिवशी मी स्वतः मध चाटवला होता. सासूबाईंनी प्रेमानं वाटी पुढे केली आणि मला काही ठाऊक नव्हतं. तिला काही झालं नाही, पण आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यांना अडवणारी व्यवस्था अजून तयार झालेली नसते, त्यामुळे ते वाढतात आणि विष तयार करतात. आधी बाळाला शौचाला होत नाही. मग रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, पापण्या जड होतात, अंग सैल पडतं. श्वासापर्यंत पोहोचलं तर जिवावर बेततं. मध शुद्ध असो, घरच्या पोळ्याचा असो, उकळलेला असो, धोका टळत नाही. घरच्या उकळीनं हे बीजाणू मरत नाहीत. घरातल्या मोठ्यांचा मान ठेवायचा असेल तर अंगठी बाळाच्या कपाळाला लावा. मध पहिल्या वाढदिवसानंतरच.

उकळत्या काढ्यात मध घालणं

काढा गॅसवर खदखदत असतानाच मध ओततात. तापवलेला मध घेऊ नये, असं चरकसंहितेत सांगितलं आहे. आधुनिक माहितीप्रमाणे गरम चहात चमचाभर मध पडल्यानं कुणाला विषबाधा होत नाही, पण तापवल्यानं त्यातली विकरं (एन्झाइम) आणि सुगंध कमी होतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सुजलेल्या घशाला वाफाळता काढा आणखी भाजतो. त्यात आलं, मिरी, लवंग सगळं मूठमूठ घातलेलं असतं, आणि पोरं तोंड वेडंवाकडं करत ते गिळतात. काढा गाळा, कप हातात आरामात धरता येईल इतका कोमट होऊ द्या, मग मध घाला. त्याहून सोपं म्हणजे नुसतं चाटण.

प्रमाण असं ठेवा: 1 ते 5 वर्षांच्या मुलाला अर्धा छोटा चमचा, 6 ते 11 वर्षांच्या मुलाला एक, त्यापुढे दोन. रात्री झोपण्याआधी अर्धा तास द्या, आणि झोपताना चूळ भरायला लावा, म्हणजे दातांना गोड चिकटून राहत नाही. मिठाच्या गुळण्या करायच्या असतील तर त्या आधी. मध चाटून लगेच गुळण्या केल्या तर घशावरचा लेप धुऊन जातो. कितीतरी घरांत मी हा उलटा क्रम पाहिला आहे.

मध थिजला म्हणून फेकून देणं

आमच्या भागात हे फार होतं. भिंड-मुरैन्याकडे थंडीत सरसूची, म्हणजे मोहरीची, शेतं पिवळीधमक होतात, मधमाश्या पाळणारे त्यांच्या कडेला पेट्या मांडतात. तो मध घरी आणला की थोड्याच दिवसांत तुपासारखा पांढरट, रवाळ होतो. सरसूच्या मधात ग्लुकोज जास्त असतं, त्यामुळे तो लवकर थिजतो, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीची थंडी त्यात भर घालते. शेजारच्या काकूंनी ‘साखरच मिसळली मेल्यानं’ म्हणत अख्खी बरणी मोरीत ओतली, तेव्हा मला फार हळहळ वाटली. बरणी कोमट पाण्यात बसवून ठेवा, पाणी गार झालं की बदला; मध पुन्हा पातळ होतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो आणखी लवकर थिजतो. ओला चमचाही घालू नका. वर फेस आला आणि आंबूस वास सुटला, तर तो मध आंबला आहे. असा मात्र टाकून द्यावा.

उलट बाजूनं, पाण्यात थेंब सोडणं, कापसाची वात मधात बुडवून पेटवणं या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं डिसेंबर 2020 मध्ये 13 ब्रँडच्या मधाच्या तपासणीचा अहवाल दिला. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचण्यांनाही चकवतील अशी साखरेची सिरपं भेसळीला वापरली जातात, असं त्यात म्हटलं होतं. मग घरच्या वातीला ते काय कळणार?

गाणाऱ्यांच्या चुका

हजीऱ्याला तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तसाच भरवसा मधावर ठेवून बसलेल्या आवाजात रियाज करणारी मुलं माझ्याकडे आहेत. गिळलेला मध अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना तो लागत नाही. घशाची खवखव आणि ढास कमी होते, पण सुजलेले स्वरतंतू विश्रांती मागतात. दोन-तीन दिवस गाणं बंद, पाणी भरपूर, आणि कुजबुजणंही नको, कारण त्यानंही आवाजावर ताण येतो. आणखी एक: ज्येष्ठमध म्हणजे मध नव्हे, ते एका झाडाचं मूळ. गालात तुकडा धरून बसण्याची गवयांची सवय जुनी आहे, पण ते रोज आणि जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो.

मधुमेह असलेल्यांनी ‘साखर नको, मध चालतो’ असं समजू नये. मधातही बहुतेक साखरच असते.

मधावर दिवस ढकलणं

दोन वर्षांपूर्वी माझा एक शिष्य, नऊ वर्षांचा, ‘ताई, गिळताना दुखतं’ म्हणाला. मीच त्याच्या आईला मध द्या म्हणून सांगितलं. सहा दिवस तो मध चाटत राहिला. ताप होता, पण नाक वाहत नव्हतं, खोकलाही नव्हता. हे मी विचारलंच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी पाहिलं तर टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत गाठी. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा संसर्ग होता. त्याला अँटिबायोटिकच लागतं, कारण तो अंगावर काढला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. मुलगा बरा झाला.

ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, लाळही गिळता येईना, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा 1 ते 5 वर्षांचं मूल शांत असतानाही मिनिटाला 40 किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, तर मधाची बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठा. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्या.

आता कुणी घसा धरून आलं की मी आधी त्याच्या कपाळाला हात लावते, मग सर्दी आहे का विचारते, मग ट्यूबलाइटखाली उभं करून ‘आ’ करायला लावते. बाटली त्यानंतर.