फाशीचा निकाल वाचायचा कसा

ठाण्याच्या कोर्टात मी २६ वर्षं स्टेनो होते. चरईतल्या आमच्या इमारतीच्या ग्रुपवर खुनाची बातमी पडली की अर्ध्या तासात 'भर चौकात लटकवा' सुरू होतं. भाचीनं विचारलं, "आत्या, तू तर एवढे निकाल टाइप केलेस. तुझं मत काय?" मी म्हटलं, आधी एक निकाल वाच, मग बोलू. तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचं मराठी भाषांतरही असतं. छापूनच घ्या. मोबाइलवर हे वाचून होत नाही.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी 'दोषी' हा शब्द कुठे येतो ते शोधा. त्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळी सुनावणी असते. तिथे चिठ्ठी लावा आणि पानं मोजा. गुन्हा सिद्ध करायला शंभर पानं आणि माणसाला मारायचं की नाही हे ठरवायला चार, असं दिसलं तर ते लिहून ठेवा.

आता लाल आणि निळी पेन्सिल घ्या. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवलं की जन्मठेप हा नियम, फाशी अपवाद. तीही दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणात. गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहायचा. म्हणून गुन्ह्याची क्रूरता सांगणाऱ्या ओळी लाल करा. आरोपीचं वय, घर, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक, सुधारण्याची शक्यता, हे सगळं निळं. 'आरोपी गरीब आहे, घरी म्हातारी आई आहे' एवढ्या एका वाक्यावर वकिलानं खाली बसायचं, हे मी इतक्यांदा टाइप केलंय की ते वाक्य मला झोपेतही आठवतं. २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही माहिती खालच्या कोर्टापासूनच गोळा करायला सांगितली. त्यानंतरच्या निकालातही निळं काहीच सापडलं नाही, तर का नाही ते विचारा.

मग त्याच खटल्याचे आधीचे-पुढचे निकाल शोधा. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज. लोकांना हा वेळ फुकट गेलेला वाटतो. आपल्या ठाणे जेलमध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना इंग्रजांनी १९ एप्रिल १९१० ला फाशी दिली. ज्यासाठी ही फाशी झाली तो नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध २१ डिसेंबर १९०९ चा. चार महिन्यांत सगळं आटोपलं. आज आपण तसाच वेग मागतो आहोत का, हे जेलच्या भिंतीजवळून जाताना माझ्या मनात येतं.

कारण महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा दिली आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. भाचीला मी हाच निकाल दिला. जखमी साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधून या सहांपेक्षा वेगळीच चार माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांवर खटलाच चालला नव्हता. ती नोंद २००३ सालची. प्रत्येकाला पाच लाख भरपाई मिळाली. जवळपास सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. चार महिन्यांचा वेग असता तर भरपाई घ्यायला कोण उरलं असतं?

मी नोकरीला लागले तेव्हा फाशीच्या बाजूची होते. आता नाही.

तरीही एक गोष्ट टाळू नका. पीडितेच्या आईची साक्ष पूर्ण वाचा, शवविच्छेदनाचा अहवालही वाचा. हे न वाचता फाशीला विरोध करणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. ती पानं टाइप करताना मला दर वेळी उठून पाणी प्यावं लागायचं. तुम्हीही उठा, पाणी प्या, पण परत येऊन त्याच ओळीपासून वाचा.