बजेटमध्ये पीसी असेंबल करताय? या चुका टाळा

बारावीचे निकाल लागून इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की पुण्यात ओळखीपाळखीच्यांचे फोन यायला लागतात. मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, जरा कोटेशन बघून सांगता का? मुलाचं कोडिंग आणि ऑटोकॅड, आईची टॅली, बाबांची ऑनलाइन कामं, रात्री सगळ्यांना मिळून एखादा सिनेमा. घरातल्या प्रत्येकाला पुरेल असा पीसी बेताच्या पैशांत नक्की बसतो. पण हातात येणारी बहुतेक कोटेशन्स एकाच पद्धतीने फसलेली असतात. सगळा पैसा पहिल्या ओळीतल्या प्रोसेसरच्या नावावर गेलेला असतो आणि शेवटच्या ओळीतल्या एसएमपीएसपर्यंत (पीसीला वीज पुरवणारा डबा) येईस्तोवर बजेट संपलेलं असतं. म्हणून मी कोटेशन खालून वर वाचतो. तुम्हीही तसंच वाचा.

एसएमपीएस कॅबिनेटसोबत 'फ्री'

'कॅबिनेट विथ एसएमपीएस, ४५० वॅट' ही ओळ दिसली की तिथेच थांबा. एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो, तो दुकानातच वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच लाइनवरून घेतात. तिथे १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. खोक्यावर ४५० छापलं असलं तरी कामाची वीज एवढीच. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच जागी साधारण ३५ किंवा त्याहून जास्त आकडा दिसतो. त्यावर ८० प्लसचा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का असतो आणि वॉरंटीही तीन ते पाच वर्षांची मिळते.

हलका एसएमपीएस पहिल्या दिवशी काहीच त्रास देत नाही. कोथरूडला एका ओळखीच्या घरी पीसीवर ब्राउझर, वर्ड, यूट्यूब दिवसभर बिनतक्रार चालायचं. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की मात्र मशीन आपोआप रिस्टार्ट. त्यांनी विंडोज पुन्हा टाकून पाहिलं, रॅम बदलून पाहिली. शेवटी एसएमपीएस बदलला आणि तक्रार मिटली. साध्या कामात ठीक आणि लोड आला की बंद, अशी लक्षणं असतील तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी संशय एसएमपीएसवर घ्या. शिवाय हलका एसएमपीएस जाताना कधी कधी मदरबोर्ड आणि डेटा साठवणाऱ्या एसएसडीलाही सोबत नेतो, आणि मग वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो.

याला जोडूनच अर्थिंगचा विषय येतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक करंट जाणवतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणाऱ्या किंचित गळतीला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून ती पत्र्यावर येते. पीसी बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. वळवाच्या पावसात लाइट जा-ये करतात त्यासाठी छोटा यूपीएसही बजेटमध्येच धरा. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुधा ३६० वॅट लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड नसलेला पीसी आणि मॉनिटर त्यावर आरामात बसतात, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो.

'आय७ आहे, कशाला काळजी करता?'

हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारा: कितव्या जनरेशनचा? स्वस्तातल्या 'आय७ पीसी'च्या कोटेशनमध्ये मदरबोर्डच्या जागी एच६१ (बोर्डवरच्या चिपसेटचं नाव) लिहिलेलं असेल, तर आतला प्रोसेसर २०११-१२ च्या काळातला असतो. बोर्ड कोरा, खोकं कोरं, प्रोसेसर मात्र कुठल्यातरी जुन्या मशीनमधून काढलेला. आय७-३७७० हा २०१२ चा. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड. २०२२ च्या आय३-१२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण तो कितीतरी वेगवान आहे आणि वीजही कमी खातो. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचेच आहेत, आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. आज असा आय७ घेणारा पहिल्याच दिवशी मागे पडलेला असतो.

नावाच्या शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या आय५-१२४००एफ मधला 'एफ' सांगतो की यात ग्राफिक्स नाही. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी ला आतच ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० ला नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल आणि यातलं चुकीचं मॉडेल आलं, तर सगळं जोडूनही स्क्रीन काळीच राहते.

मग दुकानदार सुचवतो, 'एक ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाकून देतो.' ते बऱ्याचदा जीटी ७३० निघतं. हे कार्ड २०१४ चं आहे. ५६००जी च्या आतलं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा सरस आहे, त्यामुळे ४ जीबी या आकड्याला भुलू नका. कोडिंग, टॅली, टू-डी ऑटोकॅड, फोर-के व्हिडिओ बघणं यासाठी प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. गेमिंग किंवा थ्री-डी खरोखर करायचं असेल तर थांबा, पैसे साठवा आणि ८ जीबीचं नीट कार्ड घ्या. तोवर एसएमपीएसला त्या कार्डासाठी ८ पिनची वायर आहे, एवढं पाहून ठेवा.

रॅम: किती आणि कशी

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कात्री इथे लागते. मला ते पटत नाही. आरजीबी पंखे आणि काचेचं कॅबिनेट सोडा, पण १६ जीबी घ्या. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणार असाल तर ८-८ च्या दोन स्टिक घ्या. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच चालतं, आणि दोन स्टिक असल्या की दोन चॅनेल मिळून फरक डोळ्यांना दिसतो. अगदीच जमत नसेल तर आज ८ ची एक स्टिक घ्या, पण बोर्डवर दुसरा स्लॉट मोकळा आहे ना, ते पाहून.

आय३-१२१०० सारख्या प्रोसेसरसाठीचा एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही प्रकारांत येतो. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. कोटेशनमध्ये बोर्डचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. प्रोसेसर नवा आणि बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल, तर बायोस (बोर्डचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनच द्यायला सांगा.

एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची, घ्या. एम.२ आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, साटा प्रकारचीही तशीच दिसते आणि सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते.

सेकंडहँड घ्यावा का?

घ्यावा, विचारपूर्वक. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप आठव्या जनरेशनचे किंवा पुढचे असतील तर टॅली, अभ्यास, ऑनलाइन कामं यांना उत्तम. पण त्यांचे एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड मावत नाही. जो आहे तसाच वापरायचा असेल तरच घ्या. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून केबल किंवा कीबोर्ड आणायला हरकत नाही. चालू करून बघता येत नाही असा बोर्ड किंवा हार्ड डिस्क मात्र आणू नका.

जोडला, पण डिस्प्ले येत नाही

घाबरू नका, बहुतेक वेळा कारण साधं असतं. मॉनिटरची केबल आधी बघा. ग्राफिक्स कार्ड लावलंय आणि केबल मदरबोर्डला, हा प्रकार सर्रास होतो. मग बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनची वायर बघा. २४ पिनची मोठी वायर लावून हीच राहून जाते, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. त्यानंतर पीसी बंद करून, प्लग काढून, रॅम काढून पुन्हा बसवा. स्लॉट चार असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, क्लिपचा 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबून. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात पॉवर बटण दाबून बंद करू नका.

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. ३२०० ची रॅम घेऊन ती २४०० किंवा २६६६ वर चालताना दिसली, तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं राहिलंय. आणि दुकानातून निघण्याआधी जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी असते आणि सर्व्हिस सेंटरवर हाच कागद मागतात.